स्पॅनिशचा ‘ब्वेनो’: चार रूपं, दोन क्रियापदं आणि एक ‘बरं’

‘ब्वेनो म्हणजे चांगला’ एवढं वहीत लिहून पुढे सरकणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. अर्थ चुकीचा नाही, पण त्यावर फार दिवस भागत नाही. मेक्सिकोत फोन उचलणारा माणूस ‘ब्वेनो?’ म्हणतो, माद्रिदमधली आजी आजारी नातवाला लवकर ‘ब्वेनो’ हो म्हणते, आणि एखाद्या माणसाबद्दल ‘एस ब्वेनो’ऐवजी ‘एस्ता ब्वेनो’ म्हटलं तर ऐकणारे गालातल्या गालात हसतात. या सगळ्यांत शब्द तोच आहे. बदलतात ते त्याचे शेजारी: नाम कुठे बसलंय, क्रियापद कोणतं आहे, आवाज चढा आहे की उतरता. म्हणून ‘ब्वेनो’ एकटा पाठ करू नका, शेजाऱ्यांसकट शिका.

इथे स्पॅनिश वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा तीन गोष्टी आधी सांगतो. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, ‘ब’सारखा. ‘ह’चं अक्षर लिहिलं जातं, पण बोललं जात नाही. आणि ‘ख’ लिहिलंय तिथे घसा थोडा खाकरावा लागतो. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो ‘ह’कडे झुकतो. ‘स’चे उच्चार मी लॅटिन अमेरिकेच्या पद्धतीने दिले आहेत.

पायरी १: उच्चार आणि चार रूपं

मराठीत सर्रास ‘बुएनो’ असं लिहितात. तसं वाचलं की तीन तुकडे होतात: बु-ए-नो. खरे तुकडे दोनच आहेत, ब्वे-नो, आणि जोर पहिल्यावर. आपल्याला ‘ग्वाही’, ‘ज्वारी’ म्हणता येतं, तर ‘ब्वे’ अवघड जायचं कारण नाही.

रूपं चार. इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे, तो वाया घालवू नका. इंग्रजीतलं ‘गुड’ मुलगा, मुली, पुस्तकं सगळ्यांपुढे जसंच्या तसं उभं राहतं. आपला ‘चांगला’ मात्र नामाबरोबर बदलतो, आणि ‘ब्वेनो’ही तसाच बदलतो: चांगला म्हणजे ब्वेनो, चांगली म्हणजे ब्वेना, चांगले म्हणजे ब्वेनोस, चांगल्या म्हणजे ब्वेनास. ‘मुली चांगल्या आहेत’ या वाक्यात विशेषण नामापासून लांब गेलं तरी आपण ते बदलतोच. स्पॅनिशमध्येही तेच: लास चीकास सोन ब्वेनास. त्यामुळे स्पॅनिश शिकताना वाक्य मनात इंग्रजीतून जुळवायची सवय असेल, तर निदान विशेषणांपुरती ती सोडा.

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. पहिलं ठिकाण म्हणजे नपुंसकलिंग. स्पॅनिश नामांना ते नाही. आपलं ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, त्यांचं ‘लीब्रो’ पुल्लिंगी, म्हणून ‘एल लीब्रो एस ब्वेनो’. शिवाय ‘आ’वर संपणारं प्रत्येक नाम स्त्रीलिंगी नसतं. दीआ (दिवस), मापा (नकाशा), प्रोब्लेमा, इदिओमा (भाषा) हे पुल्लिंगी, आणि ‘ओ’वर संपणारा ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी. स्वयंपाकात किंवा झाडं जगवण्यात ज्याच्या हाताला गुण आहे, त्याच्याविषयी ‘त्येने ब्वेना मानो’ म्हणतात.

दुसरं ठिकाण मिश्र घोळक्याचं. मुलगे आणि मुली एकत्र आले की आपण ‘मुलं चांगली आहेत’ असं नपुंसकलिंगात जातो. स्पॅनिशमध्ये असा घोळका सरळ पुल्लिंगी होतो: ब्वेनोस.

पायरी २: शेवटचा ‘ओ’ कधी गळतो

पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी ब्वेनो आला की त्याचा ‘ब्वेन’ होतो. उन ब्वेन लीब्रो, उन ब्वेन ब्याखे (प्रवास), ब्वेन प्रोबेचो (जेवणाऱ्याला म्हणायचं, सावकाश जेवा). मध्ये दुसरं विशेषण आलं तरी तेच: उन ब्वेन प्रिमेर पासो, म्हणजे चांगलं पहिलं पाऊल. नामाच्या नंतर आला की पुन्हा पूर्ण: उन लीब्रो ब्वेनो.

स्त्रीलिंगी रूप कधीच कापत नाहीत. उना ब्वेना इदेआ. अनेकवचनही कापत नाहीत. ब्वेनोस दीआस.

हा नियम एकट्या ब्वेनोसाठी नाही, त्यामुळे एकदा बसवला की पुढे बऱ्याचदा उपयोगी पडतो. मालो (वाईट) चा माल होतो, प्रिमेरो (पहिला) चा प्रिमेर, तेर्सेरो (तिसरा) चा तेर्सेर. ग्रांदे (मोठा) मात्र दोन्ही लिंगांत ‘ग्रान’ होतो, तो वेगळा लक्षात ठेवा.

केप ऑफ गुड होपचं स्पॅनिश नाव ‘काबो दे ब्वेना एस्पेरान्सा’ आहे. काबो (भूशिर) पुल्लिंगी, पण ‘ब्वेना’ जोडलेला आहे तो एस्पेरान्सा (आशा) ला. विशेषण कोणाच्या घरचं आहे हे ओळखायला हे नाव छान आहे. आणि ब्वेनोस आइरेस? ते ‘चांगल्या हवा’ असं अनेकवचनी पुल्लिंगी नाव. १५३६ साली पेद्रो दे मेंदोसाने तिथे पहिली वसाहत उभारली तेव्हा नावात ‘ब्वेन आइरे’ असं एकवचन होतं. खलाशी जिची प्रार्थना करत त्या, इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या कॅल्यारी शहरातल्या मरियम माउलीवरून ते आलं. ती वसाहत टिकली नाही. १५८० साली ख्वान दे गाराइने शहर पुन्हा वसवलं.

पायरी ३: आधी की नंतर

मराठीत विशेषण नामाआधी येतं. स्पॅनिशमध्ये बहुतेक विशेषणं नंतर येतात, पण ब्वेनो दोन्हीकडे बसतो आणि जागा बदलली की अर्थाचा रोख बदलतो.

‘उन ब्वेन आमीगो’ म्हणजे मैत्री निभावणारा, जवळचा मित्र. ‘उन आमीगो ब्वेनो’ म्हणजे मित्र आहे, आणि माणूस म्हणून सज्जन आहे. बाकीचे कदाचित तितके नसतील. आधी आलेला ब्वेनो नामात विरघळतो, नंतर आलेला वेगळं काढून दाखवतो. दुकानात दोन चाकू समोर असतील आणि तुम्हाला त्यांतला चांगला हवा असेल, तर ‘एल कुचीयो ब्वेनो’ म्हणा.

आधी आलेल्या ब्वेनोचं आणखी एक काम आहे आणि ते मराठी कानाला अजिबात परकं वाटत नाही. ‘चांगला तासभर थांबलो’, ‘चांगलाच ओरडा खाल्ला’ यात चांगलं काहीच नसतं, फक्त भरपूरपणा असतो. ‘उन ब्वेन रातो’ म्हणजे बराच वेळ, ‘उन ब्वेन सुस्तो’ म्हणजे चांगलाच धसका. या अर्थाने ब्वेनो नेहमी नामाआधीच.

काही जोड्या ठरलेल्या आहेत, त्या तशाच उचला: ब्वेना स्वेर्ते (शुभेच्छा, नशीब साथ देवो), आसे ब्वेन त्येंपो (हवा छान आहे), एस ब्वेना पेर्सोना (माणूस चांगला आहे). लॅटिन अमेरिकेत एकाच माणसाबद्दलही ‘एस मुय ब्वेना खेंते’ म्हणतात. ‘खेंते’ म्हणजे लोक, पण एकवचनी स्त्रीलिंगी, म्हणून पुरुषाबद्दल बोलतानाही ब्वेनाच.

पायरी ४: सेर आणि एस्तार

इथे घाई करू नका. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. ‘सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं’ असं बऱ्याच वर्गांत शिकवतात. मला हा नियम आवडत नाही. ‘तो मेलेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता म्वेर्तो’ असं एस्तारने सांगतात, आणि मरणाहून कायमचं काय असणार? ब्वेनोपुरता तरी दुसरा प्रश्न विचारा: मी या गोष्टीचा मूळ गुण सांगतोय, की आत्ता ती कशी आहे, मला कशी लागली, ते सांगतोय?

या फरकाची चाहूल मराठीला आहे. ‘हापूस गोड असतो’ आणि ‘हा हापूस गोड आहे’ ही दोन वाक्यं आपण कधी गोंधळत नाही. त्याच धर्तीवर ‘लास नारांखास दे बालेन्स्या सोन ब्वेनास’, बालेन्स्याची संत्री चांगली असतात; आणि तोंडात फोड टाकून ‘एस्तास नारांखास एस्तान ब्वेनास’, ही संत्री मस्त लागतायत. पहिल्यात सेर (त्याचं रूप ‘सोन’, एकवचनी ‘एस’), दुसऱ्यात एस्तार (त्याचं रूप ‘एस्तान’, एकवचनी ‘एस्ता’). मात्र हा जोडा चुलत्याचा आहे, सख्ख्याचा नाही. ‘तो माणूस चांगला आहे’ यात आपण ‘आहे’च म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये तिथे सेर लागतो.

सेरबरोबरचे अर्थ: सज्जन, दर्जेदार, हितकारक. आना एस ब्वेना, आना मनाने चांगली आहे. ला फ्रूता एस ब्वेना पारा ला सालूद, फळं प्रकृतीला चांगली. लहान मुलाला ‘से ब्वेनो’ म्हटलं तर ते आपलं ‘शहाण्यासारखा वाग’. ‘एस ब्वेनो’च्या पुढे मूळ क्रियापद ठेवून सल्लाही देता येतो: एस ब्वेनो दोर्मीर, झोप घेणं चांगलं. पण पुढे ‘के’ आणून दुसऱ्याच कोणाबद्दल बोललात तर क्रियापदाचं रूप बदलतं: एस ब्वेनो के बेंगास, तू येतोयस हे बरं. पहिल्या पातळ्यांवर असाल तर ते सध्या बाजूला ठेवा.

एस्तारबरोबरचे अर्थ जास्त मजेदार. एक, चव: ला सोपा एस्ता ब्वेना, सूप छान झालंय. दोन, खराब न झालेलं: ला लेचे तोदाबीआ एस्ता ब्वेना, दूध अजून चांगलं आहे. नासलं असेल तर ‘एस्ता माला’. तीन, तब्येत. स्पेनमध्ये आजारी माणूस ‘एस्तोय मालो’ म्हणतो आणि बरं होण्याला ‘पोनेर्से ब्वेनो’ म्हणतात. इथे ‘चांगला’ विसरा आणि ‘बरा’ आठवा. आपला ‘बरा’सुद्धा चांगला या अर्थाचाच शब्द, आणि दुखण्यातून उठलेल्यालाही आपण ‘बरा झाला’ म्हणतो. ‘के ते पोंगास ब्वेनो’ म्हणजे ‘लवकर बरा हो’, शब्दाला शब्द.

चौथा अर्थ माहीत नसेल तर फजिती ठरलेली. माणसाबद्दल ‘एस्ता ब्वेना’ किंवा ‘एस्ता ब्वेनो’ म्हणजे दिसायला कामुक अर्थाने आकर्षक, ‘माल आहे’ या थाटाचं. मित्रांच्या टोळक्यात चालतं, इतरत्र असभ्य. म्हणून ‘तू कसा आहेस?’ला ‘एस्तोय ब्वेनो’ हे उत्तर देऊ नका. ‘एस्तोय ब्येन’ म्हणा. कोणाच्या घरी जेवायला गेलात आणि यजमानीणबाई समोर उभ्या आहेत, तर नुसतं ‘एस्ता मुय ब्वेना’ म्हणण्याऐवजी पदार्थाचं नाव घ्या: ला पाएया एस्ता मुय ब्वेना. किंवा ‘के रीको!’ म्हणून मोकळे व्हा. ‘रीको’ म्हणजे श्रीमंत, आणि चविष्टही.

दोन्ही क्रियापदांचा फरक एकाच उपमेत पाहायचा असेल तर ‘मास ब्वेनो के एल पान’ ही म्हण घ्या, पावाहूनही चांगला. सेरबरोबर ती भोळ्याभाबड्या, देवमाणसाला लागते. एस्तारबरोबर देखण्या माणसाला.

प्रदेशाचा फरकही आहे. अर्जेंटिनात एखादा सिनेमा किंवा बेत आवडला तर ‘एस्ता ब्वेनो’ अगदी सहज म्हणतात. मेक्सिकोत ‘या एस्तूबो ब्वेनो!’ म्हणजे आता पुरे, फार झालं.

पायरी ५: ब्वेनो की ब्येन

मराठीत ‘चांगलं गाणं’ आणि ‘चांगलं गातो’ यांत शब्द तोच राहतो. त्यामुळे आपले विद्यार्थी ‘आब्ला ब्वेनो’ म्हणतात. नाम कसं आहे हे सांगायला ब्वेनो, क्रिया कशी होते हे सांगायला ब्येन, जो कधीच बदलत नाही. आब्ला ब्येन, ती चांगलं बोलते. काम सोपं आहे: मागे नाम आहे की क्रियापद, ते बघा.

एस्तारपुढे दोन्ही बसू शकतात, तेव्हा अर्थ वेगळे होतात. ‘ला सोपा एस्ता ब्येन’ म्हणजे सूप ठीक आहे, चालेल. स्वयंपाक करणाऱ्याला हे ऐकून आनंद होणार नाही.

पायरी ६: अधिक चांगला, सर्वांत चांगला

तुलनेसाठी ‘मेखोर’. लिंगाने बदलत नाही, अनेकवचनी ‘मेखोरेस’ होतो. आपण ‘जास्त चांगलं’ म्हणतो म्हणून ‘मास ब्वेनो’ तोंडात येतं. ते फक्त स्वभावाच्या चांगुलपणासाठी ठेवा. ‘मास मेखोर’ तर कधीच नको.

‘फारच छान’साठी ‘ब्वेनीसिमो’. पुस्तकी भाषेत ‘बोनीसिमो’ही भेटेल, आणि दोन्ही बरोबर आहेत. हा ‘ब्वे’ आणि ‘बो’चा खेळ कळला तर पुढचे शेकडो शब्द सोपे होतात. लॅटिनमधला मूळ शब्द ‘बोनुस’. स्पॅनिश घडताना अशा कितीतरी शब्दांत आघात असलेल्या ‘ओ’चा ‘वे’ झाला आणि आघात नसलेला ‘ओ’ तसाच राहिला. म्हणून ब्वेनो, पण बोन्दाद (चांगुलपणा). प्वेर्ता (दार), पण पोर्तेरो (द्वारपाल). न्वेबो (नवा), पण नोबेदाद (नवलाई). ‘बोनीतो’, म्हणजे सुंदर, हासुद्धा ब्वेनोचाच लाडका धाकटा. पोर्तुगीजमध्ये ‘ओ’ फुटला नाही, म्हणून तिथे ‘बोम’ राहिला. गोव्यातल्या जुन्या घरांत ‘बोम दीआ’ कानावरून गेलं असेल, तर तो याच शब्दाचा भाऊ.

पायरी ७: वाक्याबाहेरचा ब्वेनो

स्पॅनिश मालिका पाहायला बसा. विशेषण म्हणून येणाऱ्या ब्वेनोपेक्षा वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविरामासकट येणारा ब्वेनो तुम्हाला सतत भेटेल. पाठ्यपुस्तकं त्याला दोन ओळींत गुंडाळतात, आणि हे मला पटत नाही, कारण बोलणं स्वाभाविक वाटतं ते याच्यामुळे. मराठी माणसाला तर हा शिकवायचीही गरज नाही. ‘बरा’ या विशेषणापासून ‘बरं’ हा उद्गार जसा सुटा झाला, तसाच हा. एकच बंधन: तो बदलत नाही. बोलणारी बाई असो की दहा माणसं, ‘ब्वेनो’च.

‘ब्वेनो, एम्पेसामोस’: बरं, सुरू करू या. ‘ब्वेनो, मे बोय’: बरं, निघतो मी. स्पेनमध्ये गप्पा आटपताना ‘ब्वेनो, प्वेस नादा’ म्हणतात. शब्दशः अर्थ लावू नका. मंडळी उठण्याच्या बेतात आहेत एवढं समजा. कोणी ‘उद्या जाऊ या?’ विचारलं आणि उत्तर आलं ‘ब्वेनो’, तर होकार आहे, पण तो किती मनापासून आहे हे आवाज सांगेल. आपल्या ‘बरं’ आणि ‘बरंऽऽ’मध्ये जेवढं अंतर, तेवढंच तिथेही. मनापासूनच्या होकाराला स्पेनमध्ये ‘बाले’ आणि अर्जेंटिनात ‘दाले’ जास्त ऐकू येतं.

सगळीकडे ‘बरं’ लावून मात्र चालणार नाही. स्वतःचं बोलणं दुरुस्त करतानाही ब्वेनो येतो: बीबे एन माद्रिद. ब्वेनो, सेर्का दे माद्रिद. इथे आपण ‘म्हणजे’ म्हणू: माद्रिदला राहतो, म्हणजे, माद्रिदजवळ. सिनेमा आवडला का विचारल्यावर लांबवलेला ‘ब्वेनो…’ आला, तर तो सभ्य नकार. ‘पेरो ब्वेनो!’ हा स्पेनमधला वैतागाचा उद्गार, ‘अरे, काय चाललंय काय!’

फोनचं सांगायचं राहिलं. ‘ब्वेनो?’ने फोन उचलणं ही मेक्सिकोची खूण. स्पेनमध्ये ‘दीगा?’ किंवा ‘सी?’, अर्जेंटिनात ‘ओला?’, कोलंबिया-पेरूत ‘आलो?’. माद्रिदमध्ये ‘ब्वेनो?’ म्हणून फोन उचललात तर पलीकडचा माणूस तुम्ही मेक्सिकोचे समजेल.

पायरी ८: नमस्कार-चमत्कार

ब्वेनोस दीआस, ब्वेनास तार्देस, ब्वेनास नोचेस. ‘दीआ’ पुल्लिंगी, बाकी दोन स्त्रीलिंगी, म्हणून पहिल्यात ‘ओस’. अर्जेंटिनात सकाळी एकवचनी ‘ब्वेन दीआ’ म्हणतात. ‘ब्वेनास नोचेस’ निरोपापुरतं नाही, रात्री भेटल्यावरही म्हणायचं. स्पेनमध्ये ‘तार्देस’ घड्याळाच्या बारापेक्षा दुपारच्या जेवणाने ठरतं, आणि ते जेवण दोनच्या सुमारास होतं. त्यामुळे साडेबाराला तुम्हाला कोणी ‘ब्वेनोस दीआस’ म्हटलं तर गोंधळू नका. दिवसाची वेळ आठवत नसेल तर नुसतं ‘ब्वेनास’ म्हणा. दुकानात शिरताना तेवढं पुरतं.

‘लो ब्वेनो’ हाही खिशात ठेवा. नामांना नसलेलं नपुंसकलिंग स्पॅनिशने या ‘लो’मध्ये थोडं जपलं आहे: लो ब्वेनो एस के…, म्हणजे ‘त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे…’.

पायरी ९: म्हणी आणि टोमणे

‘आ ब्वेन एन्तेन्देदोर, पोकास पालाब्रास’: समजदाराला थोडे शब्द पुरे, आपल्याकडे शहाण्याला शब्दांचा मार. ‘पोर लास ब्वेनास ओ पोर लास मालास’: गोडीगुलाबीने, नाहीतर जबरदस्तीने. ‘एस्तार दे ब्वेनास’: स्वारी खुशीत असणं. ‘दे ब्वेनास आ प्रिमेरास’ला चांगल्याशी काही देणंघेणं नाही, त्याचा अर्थ अचानक, ध्यानीमनी नसताना.

उपहासाचा ब्वेनो आपल्याला लगेच कळतो, कारण ‘चांगलाच पराक्रम केलास!’ आपण रोज म्हणतो. त्यांचं ‘ब्वेना ला आस एचो!’ तेच. सगळं उरकल्यावर कोणी मदतीला आलं की ‘आ ब्वेनास ओरास!’, वरातीमागून घोडे. पूर्ण म्हणीत पुढे ‘मांगास बेर्देस’, हिरव्या बाह्या, असे शब्द आहेत. ते सांता एर्मान्दाद या जुन्या शिपाई दलाच्या गणवेशाबद्दल असल्याचं सांगतात. हे शिपाई गुन्हा होऊन गेल्यावर पोचायचे अशी त्यांची ख्याती.

पायरी १०: सराव

ब्वेनोचे अर्थ एकाखाली एक लिहून पाठ करण्यात मला हशील वाटत नाही. त्याऐवजी आठवडाभर स्पॅनिश ऐकताना भेटलेला प्रत्येक ब्वेनो पूर्ण वाक्यासकट उतरवा आणि शेजारी तिथे आपण मराठीत काय म्हटलं असतं ते लिहा: चांगला, बरा, बरं, म्हणजे, मस्त, चांगलाच. ज्या वाक्यापुढे मराठी शब्द सुचत नाही, ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा. आवाजाच्या चढउतारात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

तोवर ही पाच वाक्यं खालची उत्तरं झाकून स्पॅनिशमध्ये करा. हे चांगलं पुस्तक आहे. भात मस्त झालाय. ती चांगलं गाते. बराच वेळ थांबलो. मुलगे आणि मुली स्वभावाने चांगली आहेत.

उत्तरं अशी. ‘एस उन ब्वेन लीब्रो’, पुल्लिंगी एकवचनी नामाआधी ‘ओ’ गळाला. ‘एल आर्रोस एस्ता ब्वेनो’, चव सांगायची म्हणून एस्तार. ‘काँता ब्येन’, गाणं ही क्रिया. ‘एस्पेरे उन ब्वेन रातो’, इथे जोर शेवटच्या ‘रे’वर द्या, नाहीतर क्रियापदाचा अर्थ बदलेल. पाचव्यात ‘लोस चीकोस इ लास चीकास सोन ब्वेनोस’. स्वभाव म्हणून सेर, मिश्र घोळका म्हणून पुल्लिंगी; तिथे ‘एस्तान ब्वेनोस’ लिहिलं असेल तर पायरी ४ पुन्हा वाचा.